सुखाचं हँडल

सुख ही शरीराला मानवणारी, पण मंडळाला न मानवणारी गोष्ट आहे. दातांच्या डॉक्टरांना हे पन्नाशीत, शर्यतीच्या सायकलवर बसल्यावर कळलं.

त्या सायकलचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. ते धरलं की साऱ्या जगातलं फक्त डांबर दिसे. (डांबर उत्तम होतं.) घरी आल्यावर डॉक्टर सायकलवरून उतरत, पाठ उतरत नसे. बायको मलम चोळता चोळता म्हणाली, "अहो, हँडल बदला. नाहीतर मी तुमच्याशी जमिनीवर बसून बोलत जाते."

डॉक्टरांनी आपल्या सायकल मंडळात दबकत विषय काढला. अध्यक्ष, पेशाने वकील, म्हणाले, "दुखतंय ना? मग प्रगती आहे." तरी मंडळाने रीतसर पाहणी केली. तीन चतुर्थांश सभासदांना काहीच दुखत नव्हतं. उरलेल्यांना, प्रश्न कोण विचारतंय हे मान वळवून बघता आलं नाही.

मग डॉक्टरांनी गुपचूप प्रयोग आरंभले. सरळ दांड्याच्या हँडलने मनगटं बधिर झाली (तीही इंजेक्शनाशिवाय). फुलपाखरी हँडलला धरायच्या जागाच इतक्या, की चौकात त्यातली कुठली धरावी हे ठरेपर्यंत डॉक्टर न्हाव्याच्या दुकानात शिरले. आलोच आहोत तर म्हणून दाढी करून आले.

तिसरं हँडल दूधवाल्यांच्या सायकलला असतं तसं, अंगाकडे वळलेलं. डॉक्टर बसले, कणा कटकन सरळ झाला, आणि समोर चक्क गाव होतं. गॅलऱ्या होत्या, गॅलऱ्यांत माणसं होती. आभाळसुद्धा होतं. डॉक्टरांनी विनाकारण घंटी वाजवली. बरं वाटलं, म्हणून पुन्हा वाजवली. उतारावर गाणंही म्हटलं, सगळी कडवी चुकवून. सिग्नलला पेशंट त्यांना ओळखू लागले, "डॉक्टर, एवढी दाढ बघता का?" म्हणून आ वासू लागले. डॉक्टर बसल्या बसल्या बघू लागले.

मंडळाने त्यांना काढून टाकलं. ठपका: सायकल चालवताना चेहऱ्यावर उघड समाधान.

आठवड्याभरात अध्यक्ष दवाखान्यात आले. दात ठणठणीत.

"नक्की दुखतंय कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दार लावा आधी," अध्यक्ष कुजबुजले. "ते हँडल कुठे मिळतं?"

पाठोपाठ बाकीचे सभासदही एकेक निरोगी दात घेऊन येऊन गेले. हल्ली मंडळ सकाळी शिस्तीत वाकून निघतं. संध्याकाळी तेच सभासद एकेकटे, ताठ बसून, गल्लीबोळांतून गात हिंडतात, आणि समोरासमोर आले तर ओळख देत नाहीत.

वाचकांनी खुशाल हसावं. फक्त हे वाचताना आपली हनुवटी कुठवर खाली आली आहे ते पाहावं, आणि मान सावकाश वर करावी. (समोर कुणीतरी मघापासून तुमच्याशी बोलतंय.)