लिमये सरांचं सुतक

लिमये सर कॉलेजातून आले की कधीकधी उंबऱ्याबाहेरच थांबायचे. चपला काढायचे नाहीत. तिथूनच हाक मारायचे, "मावशी, बादलीभर पाणी बाहेर द्या. गेली बिचारी." मग अंगणातल्या मोरीपाशी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतून घ्यायचे आणि खोलीत जाऊन दार लावायचे. पुढं तीन दिवस दाढी नाही, गोड नाही.

पहिल्या वेळी मी घाबरले. कामतघरला आमची छोटी चाळ. टोकाची खोली त्यांना भाड्यानं दिली होती. येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. एकटा पन्नाशीचा माणूस, घरात मयत झालेली, चूल कोण पेटवणार? अशा वेळी शेजाऱ्यानं पिठलंभात न्यायचा असतो. मी नेला, "शेजाऱ्यानं आणायचं असतं," म्हटलं आणि विचारलं, "कोण गेलं, सर? आई?"

"नाही हो. रशियातली एक शेतकरीण."

"तुमची कोण?"

"पुस्तकातली आहे, मावशी. दुसऱ्या वर्षाला शिकवतो मी."

मी पिठलं उचलून परत आणलं.

सर इंग्रजीचे. देशोदेशीची पुस्तकं इंग्रजीत छापलेली असतात, ती शिकवायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं मला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण आमची नात मनीषा त्यांच्या वर्गात गेली आणि रोजच्या बातम्या घरी यायला लागल्या. वर्गात निम्मी पोरं लूमवाल्यांची, म्हणजे यंत्रमागांच्या मालकांची, काही लूमवर काम करणाऱ्यांची, काही आमच्यासारखी गाववाली. सर आधी इंग्रजीत वाचायचे, मग तेच मराठीत सांगायचे, मग हिंदीत. म्हणजे एकच बाई एका तासात तीन वेळा मरायची. तिसऱ्यांदा मेली की सर पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, "आज पुढं नाही." पोरांना सुट्टी. पोरं तयारच असायची. आदल्या दिवशीच विचारायची, "सर, उद्या कुणी जाणार असलं तर सांगा, डबा आणत न्हाय."

एकदा फरीद नावाच्या पोरानं तोंडावरच विचारलं, "सर, वो तो गोरी औरत थी. हमारा क्या जाता है?"

सर म्हणाले, "तुझ्या गल्लीत मय्यत झाली तर तुझे अब्बा लूम बंद करतात ना? मरणारा कोण लागतो तुमचा?"

"पड़ोसी है, सर."

"मग ही पण पड़ोसी. जरा लांब राहते, एवढंच."

फरीदला ते पटलं म्हणे. प्रिन्सिपलना मात्र पटलं नाही. पोर्शन राहतो म्हणून त्यांनी सरांना दोनदा बोलावून घेतलं. सर तिथून आले ते होते तसेच.

मीही एकदा बोलले. "सर, ही बाई गेल्या वर्षी मेली होती ना? परत कशी मेली?"

"यंदाच्या मुलांसाठी पहिल्यांदाच मेली, मावशी."

आता अशा माणसाशी काय बोलायचं?

आमच्या घरधन्यांना मात्र त्यांचा लळा. संध्याकाळी ओट्यावर दोघं बसायचे. समोर लूमची खटखट, त्यातून सर ओरडून गोष्ट सांगायचे आणि हे कानामागं हात धरून ऐकायचे. कुणी मेलं की बादली हेच भरून द्यायचे. मी म्हणायचे, "तुम्हाला पण येड लागलंय." तर म्हणायचे, "माणूस रडतोय, पानी तरी देऊ का नको?"

मी सरांना एकदा सरळ विचारलं, "तुमची भावकी कुठं हाय?"

"यंदा रशियात. पुढच्या वर्षी आफ्रिका लागणार आहे."

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतात.

मग शेलार गावाला माझे धाकटे दीर वारले. आम्ही सगळे तिकडून परत आलो, तर सर बादली भरून मोरीपाशी उभे. मला म्हणाले, "मावशी, मला किती दिवस पाळायचं?"

"तुम्हाला कसलं सुतक? तुम्ही भाडेकरू."

मी खरं तेच बोलले. सुतक भावकीला लागतं, भाड्याच्या पावतीला लागत नाही. सरांनी मान हलवली. बादली मोरीत ओतली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून कॉलेजला गेले.

त्या रात्री घरधनी मला म्हणाले, "तुला ठावं न्हाय. त्यांना कुनीच न्हाय. आश्रमात वाढले. लिमये हे नाव पन आश्रमाच्या मॅनेजरचं. जन्मात त्यांना कुनाचं सुतक लागलं न्हाय, आन् ते गेले तर कुनाला लागायचं न्हाय."

मी म्हटलं, "मग मी काय करू?" आणि झोपले.

वर्षभरानं हे गेले. सकाळी चहा मागितला, तो यायच्या आत गेले. माणसं जमली. सगळं आटोपून सगळे स्मशानातून परत आले. सर सगळ्यांच्या मागं, भाडेकरूनं चालावं तसे. दिवस मावळताना मी भिंतीला टेकून बसले होते. दारात सर आले. हातात पातेलं. पिठलं केलं होतं, खाली लागलेलं, करपल्याचा वास सगळ्या घरात पसरला. मी शिकवलेलं ते माझ्याच दारात घेऊन आले होते. उंबऱ्याबाहेर उभे. आत येईनात.

"मावशी, शेजाऱ्यानं आणायचं असतं ना?"

मी त्यांच्याकडं बघितलं. पुस्तकातल्या बायकांसाठी रडणारा माणूस, आज डोळे कोरडे.

"शेजाऱ्यानं आणायचं असतं," मी म्हटलं. "तुम्ही कशाला आणलं? तुमची चूल आज पेटायला नको होती. ते पातेलं तिथंच ठेवा आन् आत येऊन बसा. दहा दिवस दाढी करायची न्हाय."

सरांनी पातेलं खाली ठेवलं. ठेवताना ते वाजलं. आत येऊन माझ्या मुलांच्या रांगेत, शेवटी, भिंतीला टेकून बसले. मग रडले. मी त्यांना गप्प केलं नाही.

चार-पाच दिवसांनी मनीषा कॉलेजला गेली, परीक्षा जवळ आली होती. संध्याकाळी येऊन तिनं सांगितलं. सर वाढलेली दाढी घेऊन वर्गात आले, तसं फरीदनं विचारलं, "सर, कौन गया? इस बार कौन सा मुल्क?"

सर म्हणाले, "कामतघर."

मग पुस्तक उघडलं आणि तास पुरा घेतला.