चंद्रावर राहिलेला न्हावी

मेहकरच्या तंबू टॉकीजमध्ये चंद्रावरचा सिनेमा लागला होता. शेवटच्या प्रसंगाला सगळा तंबू पोट धरून हसत असताना एक माणूस तेवढा उठून उभा राहिला. त्याने हात वर केला, हाताला लागलेली दोरी खाडकन ओढली आणि म्हणाला, "थांबवा. मानूस राह्यला." दोरी तंबूची होती. कनातीचा एक पदर सुटून पुढच्या पोरांच्या अंगावर पडला आणि पोरं आणखीच हसायला लागली, कारण त्यांना वाटलं हाही सिनेमाचाच भाग आहे.

हे आमचे शेजारी गुलाबराव, मेहकर-मलकापूर मोटारीचे कंडक्टर. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते, या दोन नियमांवर त्यांचा सगळा संसार उभा होता. पण ती दुसरी ओढ त्यांच्या हातून लवकर होत नसे. आधी ते दारात उभे राहून "कोनी राह्यलं का?" असं विचारत. मग खाली उतरून विचारत. मग हॉटेलाच्या मागे जाऊन विचारत. तोवर ड्रायव्हरची बिडी संपून दुसरी पेटलेली असे.

गाडीबाहेरही हीच तऱ्हा. एका लग्नात पंगत बसली, वाढून झालं, श्लोक म्हणून झाला, आणि गुलाबराव काही केल्या घास उचलू देईनात. "कोनी राह्यलं का?" मांडवभर फिरले, शेवटी गोठ्यात गेले, तर कडब्यावर नवरीचा सख्खा मामा घोरत पडलेला. त्याला हाताला धरून पानावर आणून बसवला तेव्हा कुठे आमच्या पोटात वरणभात गेला. तेव्हापासून लग्नघरी गुलाबरावांना आवर्जून बोलावणं असायचं, अर्थात भुकेल्या मंडळींच्या नाराजीसकट.

आता सिनेमाचं सांगतो. तो हिंदी होता. पहिल्या रिळात एक न्हावी घरी जेवत असतो, आई त्याला वाढते आणि लवकर ये म्हणते. तो एका विसरभोळ्या प्रोफेसराची दाढी करायला जातो आणि प्रोफेसर त्याला चुकून अग्निबाणात घालून चंद्रावर नेतो. तिथले सगळे लोक टकले, राणीसकट. न्हावी बिचारा बेकार. मग तो पेटीतलं तेल त्यांच्या डोक्याला चोळतो, एका रात्रीत सगळ्यांना जटा येतात, आणि धंद्याला इतकी बरकत येते की प्रोफेसर परत निघाल्याचं त्याला भानच राहत नाही. अग्निबाण उडतो. न्हावी कात्री-कंगवा हलवत मागे धावतो. संपला सिनेमा.

दुसऱ्या दिवशी मी बुलढाण्याला जायला गुलाबरावांच्याच गाडीत बसलो तर आत सिनेमाचंच न्यायालय भरलेलं. धामणगाव बढ्याचे एक शेतकरी म्हणत होते, "थ्या चंद्रावरची जमीन पाह्यली का? निरी पांढरी. चोपन हाय, मीठ फुटलेली. तिथं कापसाची पऱ्हाटी येत नाई." हिवरा आश्रमाच्या एका माळकरी बाबांना वाईट वाटलं होतं ते चंद्रासारख्या देवावर माणसं जोडे घालून चालली याचं. आमचा बाजारातला न्हावी म्हणाला, "वस्तरा असा धरतेत का? लेकाचा कान कापला असता." मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि देशावरचा असल्यामुळे न विचारता शिकवायची सवय. मी म्हणालो, "मुळात चंद्रावर हवाच नाही. हवा नाही म्हणजे आवाज नाही. कात्रीची कचकच ऐकू येणंच शक्य नाही."

गुलाबराव तिकीट फाडता फाडता थांबले. "म्हंजे प्रोफेसरानं हाक मारली असन, तरी त्याले आयकू आली नसन?"

"नाहीच येणार."

"म्हून राह्यला तो," ते म्हणाले. माझ्या विज्ञानाचा मेहकरात झालेला पहिला उपयोग हा असा. मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "तुमचं सारं बराबर हाय. जमीन चोपन हाय, जोडे काढाले पायजे होते. पन मले एक सांगा, एवढी मोठी गाडी सोडली, तिच्यात कंडक्टर काऊन नोता?"

एवढं बोलून ते पुढच्या माणसाचं तिकीट फाडू लागले.

इथवर सगळी गंमतच होती. पण गुलाबरावांच्या आईने, म्हणजे सोनामायने, बायकांच्या बाजूला बसून तोच सिनेमा पाहिला होता. तेव्हापासून गुलाबराव संध्याकाळी कामावरून आले, चामड्याची पिशवी खुंटीला लावली, की भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू येई. "त्या न्हाव्याले आनलं का रे कोनी?"

"नाई माय."

"त्याची माय वाट पाहून राह्यली असन," ती म्हणे, आणि मग भाकरीचं पीठ मळायला घेई.

एकदा मी थट्टेने म्हणालो, "सोनामाय, सिनेमा आहे तो. खोटं असतं सगळं."

"हाव, मालूम हाय मले," ती म्हणाली. "म्हून काय मानसाले तसंच ठेवा लागते?"

मी हसत घरी आलो, आणि घरमालकांनी मला वसंताची गोष्ट सांगितली. वसंता गुलाबरावांचा धाकटा भाऊ. मी मेहकरला यायच्या आधी तो मुंबईला गेला. मलकापूरच्या ठेसनापर्यंत थोरल्याच्याच गाडीने गेला. तिकीट थोरल्यानेच फाडलं आणि गाडी सोडायची दोरीही थोरल्यानेच दोनदा ओढली. वसंता रेल्वेत बसला तो बसला. पत्र नाही, निरोप नाही. गुलाबराव रजा काढून मुंबई धुंडाळून आले, पुन्हा जाऊन आले. मुंबई काही पंगत नव्हे, की गोठ्यात डोकावलं आणि मामा सापडला. हे ऐकल्यावर मला माझ्या थट्टेची लाज वाटली, आणि चंद्रावरच्या हवेबद्दल मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

वसंताला आणणं गुलाबरावांच्या हातात नव्हतं. न्हाव्याचं मात्र काहीतरी जमण्यासारखं होतं. आठवडी बाजार झाला की तंबू चिखलीला हलणार होता. त्याच्या आत न्हावी घरी आलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तंबूचे मालक कादरभाई स्वतःच मशीन चालवत. गुलाबराव खाकी कपड्यांतच त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. साक्षीला मला नेलं. पुढची रीळ मागवता येईल का, असं विचारलं. पुढची रीळ नव्हतीच. मग शेवट कापून टाका म्हणाले. कादरभाई हात जोडून म्हणाले, "पब्लिक उसी पे तो हसती है. और मैंने भेजा क्या उसको चाँद पर?"

"तुमी नाई धाडलं," गुलाबराव म्हणाले. "पन रोज संध्याकाळी गाडी तुमीच सोडून राह्यले ना, त्याले न घेता?"

कादरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तंबूच्या छताकडे पाहिलं.

गुलाबराव हटले नाहीत. रोज संध्याकाळी मशीनपाशी उभे. मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागत, लोक चिवडा खात, आणि कादरभाई संपलेली रीळ उलटी गुंडाळून ठेवत. गुलाबरावांनी ते दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "हे गाडी पयल्या ठेसनावर आनून लावली ना तुमी?"

"हाँ. लाना पड़ता है."

"मंग न्हावी चंद्रावर राह्यला की पयली रीळ पुन्हा लावा. जेवाची. परतीची गाडी समजून. मले बाकी काई पायजे नाई."

कादरभाईंनी गुंडाळलेली रीळ डब्यात ठेवली. "पब्लिक तंबू फाड़ देगी, गुलाबराव."

"पब्लिक माह्यावर सोडा."

शेवटच्या दिवशी पहिल्या खेळाला सोनामायला बायकांच्या बाजूला बसवून मी पुरुषांच्या बाजूला बसलो. न्हावी कात्री हलवत धावला, लोक हसले, दिवे लागले, माणसं धोतरं झटकत उठली. दारात गुलाबराव उभे होते. टोपी नीट बसवलेली, गळ्यात पिशवी. "बसून राहा," ते म्हणाले. "परतीची गाडी येऊन राह्यली. कोनी उतरू नका." मेहकरात तो आवाज कोणाला माहीत नव्हता? बाहेर गेलेले चार लोकसुद्धा आत येऊन बसले.

अंधार झाला. पडद्यावर न्हावी पाटावर मांडी घालून बसला आणि त्याची आई वाढू लागली.

"हे तं पयलंच हाय बे," मागून एक जण म्हणाला.

"चूप. आला ना तो? जेवू दे त्याले."

"काऊन चूप? फसवून राह्यले हे."

"त्याच्या तोंडाकडं पाह्य. चंद्रावर वाळून गेला बिचारा." हे बाजारातला न्हावी म्हणाला.

तंबू दुभंगला. अर्धे म्हणत तो परत आला, अर्धे म्हणत तो गेलेलाच नाही. शेवटी एकाने मलाच विचारलं, "मास्तर, तुमचं विज्ञान काय म्हन्ते?"

समोर गुलाबराव पडद्याकडे पाहत उभे होते. चेहरा उजेडात होता, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हणालो, "आलाय तो. प्रवासाने माणूस वाळतोच." आयुष्यात विज्ञानाशी एवढी बेइमानी मी कधी केली नव्हती, आणि तिचं मला काहीही वाटलं नाही.

पडद्यावरची आई लवकर ये म्हणायच्या आतच कादरभाईंनी मशीन बंद केलं आणि खेळ सुटला. गुलाबराव कादरभाईंचे हात धरून बोलत राहिले. मी सोनामायला बाहेर घेऊन आलो. शाल डोक्यावरून ओढून घेत ती हळूच म्हणाली, "मास्तर, ते पयलंच जेवन होतं. भाजी तेच, ताट तेच. मले काय कळत नाई?"

मी तिला गर्दीतून कडेला घेतलं.

"मी न्हाव्याचं पुसत जाओ, काऊन का वसंताचं पुसलं तं गुलाब खाली मान घालते. दोरी त्यानं ओढली नं. माह्या लेकरानं एवढे दिवस त्या तंबूवाल्याच्या मांगं घालवले. आता त्याले काई सांगू नका."

इतक्यात गुलाबराव लगबगीने आले. शाळेत निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे तिच्यापुढे उभे राहिले. "पाह्यलं ना माय? आला ना तो?"

"आला रे बापा," सोनामाय म्हणाली, आणि त्यांच्या खाकी बाहीवरून हात फिरवला. "चांगला पोटभर जेवला. चाल, आता तू जेव."