दोन रविवार सापडले पाहिजेत

मंगळवार, १८ नोव्हेंबर. रजया-गाद्यांना ऊन दाखवायचं काम. रजया स्वतःहून गच्चीवर चढत नाहीत आणि आमच्या घरातली माणसं त्यांना चढवत नाहीत, म्हणून मी चढले. आमच्या गच्चीवरून शेजारच्या अजाबरावांचा ओटा सरळ दिसतो. पाहायची मला हौस नाही. ऐकायची तर मुळीच नाही. पण अजाबराव मोबाईलवर ओरडतात.

मोबाईलवर ओरडून बोलणारे आमच्या नेर गावात पुष्कळ आहेत. अजाबराव मोबाईललाच ओरडतात. पलीकडे कोणी नसतं. ओट्यावर उभे राहतात, हात लांब करून मोबाईल समोर धरतात आणि त्याला ऐकवतात, "एक बाऽऽर! दोन बाऽऽर!" तिसऱ्या बारला गल्लीतली कुत्री उठतात.

उभा जन्म त्यांनी बाजार समितीच्या आवारात हर्रास बोलण्यात काढला. हर्रास म्हणजे लिलाव. निवृत्त झाले, आवार सुटलं, आवाज सुटला नाही. मग कोणीतरी त्यांना जुन्या वस्तूंच्या लिलावाचं एक ॲप दाखवलं. फोटो टाकायचा, मुदत ठरवायची, लोक घरबसल्या बोली लावतात आणि मुदत सरली की लिलाव आपोआप मुकाट संपतो.

"मुकाट?" अजाबराव मला म्हणाले होते. "हर्रास हाये का मयत?"

तेव्हापासून प्रत्येक लिलावाच्या शेवटच्या मिनिटाला ते स्वतः बोलतात. कोलकात्यातला कोणी गृहस्थ पितळी अडकित्ता घेतो, त्याला बिचाऱ्याला कल्पनाही नसते की त्याच्या बोलीवर नेरातली चार कुत्री भुंकली.

त्यांचं शास्त्र मी इच्छा नसताना पाठ केलं आहे, कारण फोटो मी काढून देते. त्यांनी काढले की वस्तूपेक्षा अंगठा मोठा येतो. शास्त्र असं की लिलाव दहा दिवसांचा लावायचा आणि गुरुवारी लावायचा.

"काहून, सांगा बरं मंदाताई?"

"तुम्हीच सांगा. सांगितल्याशिवाय का राहणार आहात?"

"दोन रविवार सापडते! पहिल्या रविवारी मानूस पाह्यते, दुसऱ्या रविवारी घेते. अन् संपवाचा रविवारी रात्री, जेवनं झाल्यावर. बायका सिरीयल पाहून राह्यल्या, मानूस एकटा मोबाईल घेऊन बसला. तवाच तो नको ते घेते."

बायका नको ते घेत नाहीत, असा त्यांचा समज दिसला. मी तो मोडला नाही.

एका दिवसाचा लिलाव म्हणजे त्यांच्या मते "एस्टीच्या खिडकीतून केलेली सोयरीक". महिनाअखेरीला काही विकायला काढणारा माणूस मूर्ख, आणि क्रिकेटच्या मॅचच्या वेळी लिलाव संपवणारा महामूर्ख. "माल कोनीबी इकते. वेळ इकता आली पाह्यजे," हे वाक्य दिवसातून तीनदा. गल्लीत कोणाला जुनी स्कूटर विकायची असली तरी अजाबरावांकडून मुहूर्त काढून घेतात. माझ्या मुलीचं नाव लग्नाच्या साइटवर टाकायचं ठरलं, तेव्हा हे कुंपणापलीकडून म्हणाले, "गुरुवारी टाका, ताई. दोन रविवार सापडते." मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी काय केलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

आता हे सगळं विकणं कशासाठी, ते सांगते. त्यांची बायको, आमच्या सुशीलावहिनी, जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा नितीन पुण्यात. तो सारखा म्हणायचा, "बाबा, इकडे या, तिथं एकटे काय करता?" एकदा फारच मागे लागला तेव्हा अजाबराव म्हणाले, "घरात माल पडून हाये. तो इकला का आलोच." शब्द दिला म्हणजे दिला. घरातला शेवटचा नग विकला गेला की अजाबराव पुण्याला आणि घर भाड्यानं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर भाडेकरूही हेरून ठेवला होता. नवरा-बायको दोघं बँकेत, आवाज बेताचा.

नितीनला घाई. गणपतीत आला तेव्हा त्यानं बापाला न विचारता जुना रेडिओ ॲपवर टाकला. मंगळवारी, एका दिवसाचा, दुसऱ्या दिवशी भरदुपारी संपणारा. जगात त्या वेळी जागा असलेला एकच माणूस निघाला, आणि त्यानं तो दोन प्लेट पोह्यांच्या किमतीत नेला.

"गेला ना एकदाचा?" नितीन म्हणाला.

"गेला नाही, फेकला तुनं," असं म्हणून अजाबरावांनी त्या दिवशी जेवण टाकलं. रेडिओ चालत नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करते.

बाकी वस्तू मात्र शास्त्राप्रमाणे गेल्या. कंदील गेला, घंगाळ गेलं, तराजू गेला. दिवाळीच्या तोंडावर एकच नग उरला, पितळी पानडबा. झाकणावर मोर, आत सहा वाट्या. दर आठवड्याला कोणी ना कोणी ॲपवर विचारायचं, पानडबा आहे का, कधी लावणार म्हणून. अजाबरावांना यातलं काय कळणार नव्हतं? आणि तरी त्यांनी त्याचा लिलाव संपवला तो लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, लोकांच्या हातात फुलबाज्या असताना. एकही बोली आली नाही.

"सण ध्यानातच राह्यला नाही," ते म्हणाले.

पुढचा लिलाव संपला तो मॅचच्या शेवटच्या षटकात. मी मनाशी म्हटलं, वय झालं. भाडेकरूला निरोप दिला, जरा थांबा.

तर त्या मंगळवारी, रजया उलटवताना, खालून आवाज आला. ओरडणं नव्हे. कुजबुज. वाकून पाहिलं तर अजाबराव ओट्यावर, मोबाईल छातीशी धरलेला, आणि आवारातल्या तीनशे माणसांना गप्प करणारा तो गडी देवघरात बोलावं तसं बोलत होता, "एकबारदोनबारतीनबार." कुत्री हललीही नाहीत. मग त्यांनी मोबाईल बघितला, मटकन ओट्यावर बसले आणि टोपी काढून घाम पुसला. चेहरा असा, की जणू चढ्या भावानं माल गेलाय.

"भाऊ," मी वरून विचारलं, "गेला का पानडबा?"

ते दचकले. "नाई बा. कोनीच नाही आलं."

"किती दिवसांचा लावला होता?"

"लावला व्हता आपला... एका दिवसाचा."

"मंगळवारी भरदुपारी संपणारा?"

"प्रयोग करून राह्यलो, ताई," ते टोपीकडे बघत म्हणाले. "दुपारचं गिऱ्हाईक कसं असते, पाहू म्हनलं."

दुपारचं गिऱ्हाईक कसं असतं ते गणपतीत रेडिओनं दाखवलं होतं. एकसुद्धा आलं असतं तर पानडबा गेला असता आणि शब्दाला जागून हा माणूसही. मी कठड्यापासून मागे सरले. मला रजया होत्या.

संध्याकाळी नितीनचा मलाच फोन. "काकू, एक डबा विकायला इतके दिवस? बाबा नीट लावतात ना? नाहीतर मीच टाकतो, एका दिवसात जाईल."

अजाबराव कुंपणापाशी उभे होते. नळीनं तुळशीला पाणी घालत होते, म्हणजे तुळशीच्या शेजारच्या दगडाला. कान माझ्याकडे.

"तू हात लावू नकोस," मी म्हटलं. "रेडिओचं काय केलंस ते पाहिलं आहे मी. तुझ्या बाबांइतकं या जिल्ह्यात कोणाला कळत नाही. चांगल्या मालाला वेळ लागतो."

"किती वेळ, काकू?"

"तो मालालाच विचार," म्हटलं आणि फोन ठेवला.

अजाबरावांनी नळ बंद केला. आभार वगैरे त्यांनी मानले नाहीत. फक्त म्हणाले, "मंदाताई, तुमच्या रजया वरच राह्यल्या. दव पडन." खरंच राहिल्या होत्या.

बुधवारी सकाळी मी बँकेतल्या जोडप्याला दुसरं घर बघायला सांगितलं. मग आमचा माळा उपसला. सासूबाईंची डुगडुगती समई, एक कान तुटलेला तांब्याचा बंब, चिमणी नसलेले तीन कंदील, एक शिंगमोडा पितळी नंदी. सगळं दोन पोत्यांत भरलं आणि अजाबरावांच्या ओट्यावर नेऊन ओतलं.

"हे आमचं. तुमच्या मालात धरा आणि विकून द्या," मी म्हटलं. "तुमचा माल संपला असं समजू नका."

त्यांनी नंदी उचलला. उलटा केला, सुलटा केला, मोडक्या शिंगावरून बोट फिरवलं.

"याले लय वेळ लागन, ताई."

"लागू द्या," मी म्हटलं, आणि रजयांना खोळी घालायला घरी आले.