सात जणांच्या समितीतली चार माणसं

देशाची प्रगती मोजायची झाली तर त्याच्या फॉर्ममधले रकाने मोजावेत. मागासलेल्या देशात माणसं फार आणि रकाने कमी असतात. देश सुधारू लागला की रकाने वाढतात आणि माणसं पुरेनाशी होतात. नेपाळच्या डोंगरातला ढुंगेभीर वॉर्ड या हिशेबाने बराच सुधारलेला होता.

वॉर्डात नळाचं पाणी यायचं ठरलं, तेव्हा सात जणांची समिती नेमायचा आदेश आला. सातांत महिला हवी, दलित हवा, तरुण हवा आणि अंगावर पाजणारी आई हवी. (हा शेवटचा रकाना राजधानीत बसून कुणी घातला, ते कळलं नाही. पण माणूस कनवाळू असावा.) वॉर्डाचे अध्यक्ष लीलानाथ अधिकारी, ज्यांना सगळं गाव 'बाजे', म्हणजे आजोबा, म्हणतं, दोन दिवस चिंतेत होते. जितकी माणसं तितकी मतं, आणि जितकी मतं तितका चहा. तेवढ्यात त्यांना खालच्या शिंपी टोलीतली, म्हणजे दलित वस्तीतली, सुनकेसरी परियार दिसली. पाठीला आठ महिन्यांची लेक जुनेली बांधून, हातात घागर घेऊन ती झऱ्याकडे चालली होती. बाजेंना चारही रकाने एकाच शालीत गुंडाळलेले दिसले.

अशा रीतीने समिती भरली: बाजे, त्यांचे मेहुणे, सचिव टेकराज सर आणि चार वेळा सुनकेसरी.

जिल्ह्याच्या कम्प्युटरने समितीला हिरवी खूण दिली. समावेशाचं प्रमाण सत्तावन्न टक्के! शेजारच्या वॉर्डाला जेमतेम त्रेचाळीस जमलं होतं. (त्यांनी निरनिराळ्या बायका गोळा केल्या होत्या. नियोजनाचा अभाव, दुसरं काय.)

बैठका बाजेंच्या घरी होत. परियारांना त्या घराचा उंबरा ओलांडायची रीत नसल्याने सुनकेसरी बाहेर पडवीच्या कडेला बसे. एक रकाना बाहेर बसला की उरलेले तिन्ही आपोआप बाहेर बसत, त्यामुळे शिस्त राहत असे. आतलं बोलणं बाहेर ऐकू येई. बाहेरचं आत ऐकू यायची वेळ अजून आली नव्हती.

सुनकेसरीचं निम्मं लक्ष तसंही पाठीकडे असायचं. टोलीचा झरा गढूळ, त्यात बेडकांचा संसार. दसऱ्यापासून जुनेलीचं पोट तिसऱ्यांदा बिघडलं होतं. बैठकीत टेकराज सर कार्यवृत्त वाचत, तेव्हा ती शालीत हात घालून पोरीची टाळू चाचपायची. खोल तर गेली नाही ना? आरोग्य केंद्रातली सिस्टर म्हणाली होती, "पाणी बदल गं." जणू पाणी म्हणजे झबलं. नवरा कतारला, तो फोनवर म्हणे, "उकळून दे." लाकूड कोण आणणार, हे विचारेपर्यंत फोन कट होई.

मंजूर सात नळांपैकी सहांच्या जागा ठरल्या. सगळे वरच्या टोलीत. सातवा उरला. त्या दिवशी जिल्ह्याहून श्रेष्ठ आडनावाच्या मॅडम बैठक पाहायला आल्या, म्हणून सतरंजी अंगणात पडली आणि समिती पहिल्यांदाच एका जागी बसली.

"सातही हजर?" मॅडमनी विचारलं.

"सातही," टेकराज सर म्हणाले.

मॅडमनी डोकी मोजली. मग पुन्हा मोजली. टेकराज सरांनी अभिमानाने खुलासा केला. मॅडमनी फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला. माणसं वेगवेगळी असावीत, असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं.

"सातवा नळ माझ्या गोठ्यापाशी," बाजे म्हणाले. "दोन म्हशी व्यालेल्या आहेत. त्याही पाजणाऱ्या आयाच की!"

मेहुणे मनापासून हसले. तीन हात वर झाले. टेकराज सरांनी 'एकमताने' लिहायला घेतलं.

"सर, जरा थांबा," सुनकेसरी म्हणाली. "नळ आमच्या टोलीत हवा. हा महिलेचा हात." तिने हात वर केला, खाली घेतला. "हा दलिताचा." पुन्हा वर. "हा तरुणाचा."

"अगं ए, कसरत करतेस की काय?" बाजे म्हणाले.

"चौथा, पाजणारीचा. पण तो हात मोकळा नाही, बाजे, पोरगी प्यायला लागलीय. तोंडीच घ्या."

"एका बाईची चार मतं? उद्या पोरीचंही मत मागशील!"

"मी एकटी असेन तर एकटी लिहा ना. माझं काही म्हणणं नाही. मग समिती चौघांची होते." ती मॅडमकडे वळली. "चौघांची चालते का, मॅडम?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मग समितीच रद्द. पाइप परत जातील."

पाइप बाजेंच्याच अंगणात पडले होते. बाजेंनी त्यांच्याकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, मग मेहुण्यांकडे. मेहुणे आता हसत नव्हते.

"लिहा," बाजे म्हणाले. "चार विरुद्ध तीन. आणि हिला कोणी शिकवलं, तेही लिहा."

"दहावीपर्यंत तुमच्याच वॉर्डातल्या शाळेत शिकलेय, बाजे," सुनकेसरी म्हणाली.

माघात नळ आला. पहिल्या दिवशी सुनकेसरीने ओंजळभर पाणी उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. त्यात काही पोहत नव्हतं. मग ते उकळलंच, कारण आईचा विश्वास बहुमताने बसत नाही.

वॉर्डाने धडा घेतला. पुढच्या समितीसाठी चार निराळ्या बायका शोधण्यात आल्या. चौघीही बोलतात, चौघींची पोरं रडतात, बैठक दोन तास जास्त चालते. समावेश हाताबाहेर गेला, असा शेरा बाजेंनी वहीत मारला आहे.

वाचकांची मात्र चांगली सोय झाली. महिला, दलित, तरुण आणि पाजणारी आई, अशा चारही विषयांवर त्यांनी एकाच गोष्टीत, बसल्या जागी, मनापासून हळहळून घेतलं. यंदाचे आपले रकाने भरले आहेत.