यादीत नसलेलं उत्तर

भाच्याची नोकरी पक्की होणार की नाही, हे सोमवारी ठरणार होतं. इंटरनेटवरून फोन लावायचा त्याचा प्रोग्राम त्या दिवशी मोठ्या ग्राहकाला दाखवायचा होता. फोन लागला नाही की पलीकडचं यंत्र आकड्यात उत्तर देतं. एक आकडा म्हणजे माणूस दुसऱ्याशी बोलतोय, दुसरा म्हणजे जागेवर नाही. प्रत्येक आकड्याला भाच्याने गोड आवाजातली सूचना लावली. राहिला यादीबाहेरचा आकडा. तो कधी येणारच नाही, अशी त्याची बालंबाल खात्री होती. म्हणून तिथे त्याने हाताशी होतं ते रेकॉर्डिंग डकवलं.

ते आत्याचं होतं. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्याच फोनवर प्रोग्राम घालून भाचा शेजारच्या खोलीतून चाचण्या घेत होता आणि त्या रेकॉर्ड करत होता. अकराव्या घंटेला आत्या कडाडली होती, "किती वेळा तेच तेच? समोरच्याला काही कामधंदा आहे की नाही? फोन ठेव, पाणी पी आणि दहा मिनिटांनी शहाण्यासारखा परत कर!"

सोमवारी ग्राहक मॅडमनी सगळ्यांसमोर स्वतःच्याच ऑफिसला फोन लावला. तिथल्या जुनाट यंत्राने सहाशे सदुसष्ट असा, कुठल्याच पुस्तकात नसलेला आकडा पाठवला. आणि स्पीकरवरून आत्या कडाडली.

भाचा स्पीकर बंद करायला झेपावला.

"मॅडम, हे जरा तांत्रिक..." भाच्याचे साहेब चाचरले.

"शू!" मॅडमनी हळूच फोन ठेवला आणि समोरचा ग्लास घटाघटा रिकामा केला. ते पाहून साहेबही पाणी प्यायले. दहा मिनिटं सगळे घड्याळाकडे बघत बसले. मग मॅडमनी पुन्हा फोन लावला, तो पहिल्या घंटेला लागला.

"आमचे लोक फोन लागला नाही की शंभरदा तेच बटण दाबतात. त्यानेच यंत्र बसतं," मॅडम खूश होऊन म्हणाल्या. "सगळ्या चुकांना याच बाई लावा!"

"कोण रे या?" साहेबांनी विचारलं.

"आत्या."

"आवाज वापरायला आज त्यांची सही आण. मग तुझ्या नोकरीच्या कागदावर माझी."

भाच्याने तिथल्या तिथे सगळीकडे आत्या बसवली आणि आनंदाने तिला फोन लावला. तो व्यस्त होता.

"फोन ठेव, पाणी पी..."

"अगं आत्या, ऐक तरी!" भाचा ओरडला. मग निमूटपणे पाणी प्यायला. असे चार ग्लास झाल्यावर तो परवानगीचा कागद घेऊन घरीच गेला.

आत्या हातात फोन घेऊन लालबुंद बसली होती. "तासभर तुलाच लावतेय! तुझ्या फोनवर कोण ती आगाऊ बाई बसवली आहेस?"

"आगाऊ?"

"तर काय! माझं ऐकूनच घेत नाही. मी चांगली फैलावर घेतली, तरी आपलं तेच पालुपद. घरात कुणी वळण लावलेलं दिसत नाही."

भाच्याने हसू दाबत कागद पुढे केला. "आत्या, कंपनीला तुझा आवाज हवाय. इथे सही केलीस की माझी नोकरी पक्की."

आत्या एकदम खुलली. "माझा आवाज? हवाच असणार! पस्तीस वर्षं शाळा चालली त्यावर." तिने चष्मा लावला, पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि तिथेच थांबली.

"सही करते. पण एका अटीवर," ती म्हणाली. "आधी त्या बाईला काढायचं."

भाचा मुकाट्याने उठला आणि पाणी प्यायला.