ऑरविल मास्तरांचा कोट

लेकीच्या लग्नाच्या सकाळी लोरीनने नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्री टेकवली आणि वाजणारा फोन घ्यायला ती आत गेली. परत आली तेव्हा शर्टाच्या पाठीवर मधोमध इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता, टोक मानेकडे आणि बूड कमरेकडे.

"जळलं मेलं!" लोरीनने कपाळावर हात मारला. "दुसरा पांढरा शर्ट कुठाय?"

"कुत्रीखाली," ऑरविल म्हणाला. "परवा तिला पिल्लं झाली तेव्हा तूच अंथरलास."

"मग आता ऐक. आज काहीही होवो, कोट काढायचा नाही. घामाने भिजलास तरी चालेल."

"मी कुठे काढणार होतो?" असं म्हणून ऑरविलने तो शर्ट चढवला, कमरेच्या चामडी म्यानात पिस्तूल सरकवलं आणि वरून कोट घालून तीन बटणं लावली.

ऑरविल केलर हे लिंडेनाऊ गावचे पिस्तूल-परवान्याचे मास्तर. पेंडीच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी त्यांचा वर्ग भरे, आणि गावातल्या बहुतेक पुरुषांनी आणि बऱ्याच बायकांनी त्यांच्यासमोर परीक्षा दिली होती. कायद्याचं कलम म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. टेक्सासात दुकानदाराला किंवा हॉलवाल्याला परवानेवाल्यांची पिस्तुलं नको असतील तर दोन वेगळ्या पाट्या लावाव्या लागतात. एक पाटी सांगते, कपड्याखाली लपवून आणू नका. दुसरी सांगते, उघडं लटकवून आणू नका. "एक पाटी म्हणजे अर्धीच बंदी!" हे वाक्य मास्तर वर्गात पाढ्यासारखं म्हणून घेत.

त्यांच्या लेकीला, टेसाला, आज नेमकी याच पिस्तुलाची धास्ती होती. नवरा मुलगा नील बॉस्टनचा, पण लग्नानंतर तो इथेच राहणार होता. त्याच्या आईला, कॉन्स्टन्सबाईंना, ते मुळीच पटलं नव्हतं. "तिथे माझा मुलगा सुखरूप राहील ना?" असं त्यांनी फोनवर इतक्यांदा विचारलं होतं की टेसाने वडिलांकडून वचनच घेतलं. "डॅडी, माझ्या सासूबाईंना तुझं पिस्तूल दिसता कामा नये."

"नाही दिसणार," मास्तर म्हणाले होते, आणि शब्दाला जागून त्यांनी ते कोटाखाली घेतलं होतं.

चर्चमध्ये सगळं निर्विघ्न पार पडलं. पाद्रीबाबांनी एकही पाटी लावली नव्हती. फक्त कॉन्स्टन्सबाई ताठ बसून प्रत्येक पुरुषाच्या कोटाकडे टक लावून बघत होत्या, आणि टेसा वडिलांच्या कोटाची बटणं लागलेली आहेत ना ते बघत होती.

नंतरची मेजवानी आणि नाच गावाबाहेरच्या जुन्या नाचघरात होते. बिअर पिऊन कोणी गाडी चालवू नये म्हणून टेसाने चर्चची बस ठरवली होती. त्यामुळे सगळ्यांचे पिकअप ट्रक चर्चपाशीच राहिले. फक्त मास्तरांचा ट्रक, मागे रिकामे डबे आणि फिती बांधून सजवलेला, नवरानवरीने नेला, नदीकाठी फोटो काढायला. बसने पहिली खेप नाचघरासमोर उतरवली आणि धूळ उडवत ती दुसरी खेप आणायला गेली.

मास्तर ऐटीत दाराशी आले आणि जागीच थबकले. दारावर कोरी करकरीत पाटी होती, हातभर लांब, ठळक अक्षरांत, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. परवानेवाल्यांनी लपवलेलं पिस्तूल घेऊन आत येऊ नये.

"आता रे?" लोरीन कुजबुजली.

"थांब." मास्तरांनी दाराची डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, कुंडीमागेही डोकावून पाहिलं. "दुसरी पाटी नाही. म्हणजे उघडं चालतं. लपवलेलं चालत नाही."

"मग ट्रकमध्ये ठेवून ये की!"

"ट्रक नदीवर आहे."

"बसमध्ये?"

"बस गेली. काढून झुडपात ठेवू? असा बेजबाबदारपणा केला म्हणून मी लोकांना नापास करतो, लोरीन!"

मागे रांग लागली होती. रांगेत सगळ्यात पुढे उभा होता खाटीक जूनियर बॉमन. "मास्तर, काय करायचं?" त्याने हळूच विचारलं. त्याचाही कोट कमरेवर जरा फुगलेला होता. त्याच्या मागचे चार कोटही तसेच होते.

आता सगळा वर्ग बघत होता. मास्तरांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"ऑरविल, खबरदार," लोरीन म्हणाली. "तुझी पाठ!"

"आयुष्यभर जे शिकवलं, ते लेकीच्या लग्नात मोडू?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी कोट काढला.

मागून एक मोठा उसासा ऐकू आला. मग जूनियर म्हणाला, "मास्तर, तुम्हाला कोणी डागलं?" पण तोवर त्यानेही कोट उतरवला होता. मास्तरांनी काढला म्हणजे काढायचाच. उकाडाही असा होता की कोणाला आग्रह करावा लागला नाही. बसची दुसरी खेप आली, तिसरी आली, आणि दारात कोटांचा ढीग लागला. आत धुरावर भाजलेल्या ब्रिस्केट मांसाच्या टेबलाशी, पेकन पाय या गोड पदार्थाच्या टेबलाशी, आइस्ड टीच्या पिंपाशी, जिकडे बघावं तिकडे पांढरे शर्ट आणि त्यांच्या कमरेला पिस्तूल.

तेवढ्यात टेसा नीलचा हात धरून हसत हसत आत आली आणि तिचं हसू दारातच विरलं.

"डॅडी! हे काय?"

"पाटी," मास्तर म्हणाले.

"ती पाटी मीच लावायला सांगितली होती!" टेसा रडकुंडीला आली. "तू ऐकणार नाहीस, पण पाटी मोडणार नाहीस, म्हणून! विल्मा मावशी, मी तुला सांगितलं होतं ना, पिस्तुलं बंद म्हणून?"

नाचघर चालवणारी विल्मा ओशाळून एप्रनला हात पुसत पुढे आली. "अगं, दुकानात एकच पाटी शिल्लक होती. म्हटलं लग्नात कोण उघडं लटकवून येतंय? पुरे एक."

"एक पाटी म्हणजे—" मास्तरांनी सुरुवात केली.

"अर्धीच बंदी!" ब्रिस्केटच्या टेबलाकडून सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

आणि त्या सुराच्या पाठोपाठ कॉन्स्टन्सबाई आत आल्या. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या कमरा पाहिल्या. मग त्या सरळ मास्तरांकडे चालत आल्या. टेसाने नीलचा हात घट्ट धरला.

"मिस्टर केलर, हे सगळं एका पाटीमुळे?"

"होय बाई. कायदा आहे."

"जरा वळा."

मास्तर वळले. लोरीनने डोळे मिटून घेतले.

कॉन्स्टन्सबाई त्या ठशाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हा शर्ट असा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सकाळपासून."

"चर्चमध्ये माझा जीव मुठीत होता," कॉन्स्टन्सबाई म्हणाल्या. "कोणाच्या कोटाखाली असेल, कोणाच्या नसेल, काही कळेना. आता कळलं, सगळ्यांकडेच आहे, आणि सगळ्यांचे हात मात्र बटाट्याच्या सॅलडात आहेत." मग त्या लेकाकडे वळल्या. "नील, जो माणूस एका पाटीसाठी असला शर्ट अख्ख्या गावाला दाखवतो, त्याच्या गावात तू खुशाल राहा. मिस्टर केलर, ती ब्रिस्केट कुठे मिळते?"

टेसाला इतकं हलकं वाटलं की तिने वडिलांना मिठीच मारली. मग वाद्यं सुरू झाली आणि बापलेकीच्या नाचाची वेळ आली. फोटोवाला नेमका मास्तरांच्या पाठीमागे उभा राहिला.

"डॅडी, हात कुठे ठेवू?" टेसा हसू दाबत म्हणाली. "पाठीवर ठेवला तर पिस्तूल दिसतं, कमरेवर ठेवला तर इस्त्री दिसते!"

"मी तुला वचन दिलंय," मास्तर म्हणाले. "पिस्तूल झाक."

टेसाने तळहात आणि नवरीच्या जाळीदार ओढणीचं टोक म्यानावर ठेवलं. फोटो निघाला.

महिन्याभराने बॉस्टनहून लोरीनला फोन आला. "लोरीन, तो फोटो मी दिवाणखान्यात लावलाय," कॉन्स्टन्सबाई सांगत होत्या. "पण मैत्रिणींना पिस्तुलांची गोष्ट सांगितली तर एकीचाही विश्वास बसत नाही. फोटोत एकही दिसत नाही ना! उलट मलाच विचारतात, टेक्सासात हरवू नयेत म्हणून गुरांना डागतात ते ऐकलं होतं, नवऱ्यांनाही डागतात का?"

लोरीनने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात मास्तर तोच शर्ट घालून पिल्लांच्या मागे धावत होते.

"सगळ्यांना नाही हो," ती म्हणाली. "जो हरवायला नको, त्यालाच."