तात्यांनी बसवलेला व्हॉल

मोटारसायकलचं मागचं चाक सकाळी जमिनीला टेकलेलं पाहून तात्यांना धक्काच बसला. लेक इरा आणि जावई सलिल अधिक महिन्याचं वाण घ्यायला आले होते आणि आज दुपारच्या बोटीने दिघीहून खाडी ओलांडून परत अलिबागला निघायचे होते. 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' ही म्हण तात्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत, आणि आज नेमका तिसरा दिवस होता. जावयाची अक्कल आपल्या अंगणात जाऊ द्यायची नाही, असा त्यांनी चंग बांधला.

"उद्या जातील की," त्यांची बायको कुमुद म्हणाली. "पंक्चरवाला आज बंद असतो."

"पंक्चरवाला कशाला? जन्मभर सायकलची पंक्चरं कोणी काढली?"

ट्यूब बाहेर आली. पंपाने भरलेली हवा व्हॉलमधून तशीच परत येई. सायकलच्या व्हॉलवर रबरी नळी असते, ती इथे दिसेना. मोटारसायकलच्या व्हॉलच्या पोटात हवा अडवणारी पिन असते, हे तात्यांच्या गावीही नव्हतं.

"व्हॉलच गेलाय," म्हणत त्यांनी तो कात्रीने मुळापासून कापला.

सलिलचा चेहरा पांढराफटक पडला. "तात्या, अहो, कापलात?"

"घाबरू नका. दुसरा बसवतो."

इरा विहिरीत ज्या ट्रकच्या ट्यूबवर पोहायला शिकली, तिचा व्हॉल तात्यांनी भोवतीच्या रबराच्या ठिगळासकट कापला आणि सोल्यूशन लावून चिकटवला. तो जाडजूड व्हॉल रिंगच्या भोकात जाईना. तात्यांनी कानस आणली. इरा "तात्या, नको हो" म्हणेपर्यंत भोक मोठं झालंसुद्धा.

चाक चढलं, हवा भरली. तात्या विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहताहेत तोच फाटकन आवाज झाला, आणि पायरीवरचं मांजर थेट माडावर गेलं.

तात्या स्वयंपाकघरात येऊन कपाळाला हात लावून बसले. कुमुदने मिसळणाचा डबा उघडला, मोहरीतून एक बारीकशी पितळी पिन काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही आतली पिन. एवढी घातली असती तरी झालं असतं."

"तू काढलीस?"

"मला कुठलं यायला? इरानं काढली."

"नवऱ्याच्या गाडीची?"

"कशी काढायची ते जावयांनीच दाखवलं. दोघांना आणखी एक दिवस राहायचं होतं. तुमच्या त्या म्हणीपुढे बोलणार कोण?"

म्हण काही वाईट नव्हती, पण ती पोटच्या लेकीला ऐकवायची नसते हे आपल्याला या वयात कळावं, याची त्यांना लाज वाटली. ते ओटीवर आले. सलिल रिंगच्या भोकात बोट घालून बघत होता.

"आम्ही बोटीने पलीकडे जाऊन पुढे एसटीने जातो तात्या," तो उठत म्हणाला. "बोटीची वेळ झालीच आहे."

"कसे जाणार? बोट आज बंद आहे म्हणतात," तात्या म्हणाले.

तेवढ्यात खाडीवरून बोटीचा भोंगा वाजला, चांगला लांबलचक. ओटीवर कुणालाच तो ऐकू आला नाही.